बंदिस्त आकाश आणि इंजिनविरहित उड्डाण : हडपसर ग्लायडर केंद्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील विमानविद्येचा इतिहास प्रामुख्याने विमान कंपन्या, विमानतळ आणि वायुसेना यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. इंजिन नसलेल्या विमानाची, म्हणजेच ग्लायडरची, दखल त्यात क्वचितच घेतली जाते. वस्तुत: ग्लायडरचा इतिहास हा केवळ एका हौशी क्रीडाप्रकाराचा इतिहास नाही. आकाशावर सत्ता कोणाची आणि ती कोणत्या स्वरूपात गाजवली गेली, हे समजून घेण्याचे ते एक महत्त्वाचे साधन आहे. विसाव्या शतकात राज्यसंस्थेने आकाशात ज्या सीमारेषा आखल्या त्या विमानाला इंजिन असते हे गृहीत धरूनच आखल्या. परिणामी ज्याला सरळ रेषेत आणि ठरावीक उंचीवर उडताच येत नाही, त्या ग्लायडरचा मार्ग सर्वांत आधी अडला. प्रस्तुत निबंधात पुण्याजवळील हडपसर येथील ग्लायडर केंद्राच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

आकाशाच्या सीमारेषा

हिंदुस्थानात हवाई उड्डाणासंबंधीचा पहिला कायदा १९११ साली झाला. त्यानंतर १९१९ च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असल्याचे तत्त्व मान्य केले. १९३४ चा विमान अधिनियम आणि त्याखालील १९३७ चे विमान नियम हे या तत्त्वाचे भारतीय रूप होय. १९३४ च्या अधिनियमातील 'विमान' या संज्ञेची व्याख्या मोठी मनोरंजक आहे. तीत बांधलेले व मोकळे फुगे, हवाई जहाजे, ग्लायडर यांच्या जोडीला पतंगाचाही समावेश होता. संक्रांतीच्या दिवशी बाळापुरातील गच्चीवरून पतंग उडवणारा मुलगा कायद्याच्या काटेकोर भाषेत विमानचालकच ठरत होता! हा अधिनियम नव्वद वर्षे टिकला. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली.

या कायद्यांच्या आधारे आकाशातील बंद क्षेत्रांचे तीन प्रकार रूढ झाले. 'निषिद्ध' क्षेत्रात उड्डाणास पूर्ण मनाई असते, 'प्रतिबंधित' क्षेत्रात अटींसह प्रवेश मिळतो, तर 'धोकादायक' क्षेत्रात विशिष्ट वेळी तोफांचा वा क्षेपणास्त्रांचा मारा यांसारखी जोखमीची कामे चालतात. या क्षेत्रांच्या मुळाशी नेहमीच लष्करी कारण असते असे नाही. मुंबईतील पारशी समाजाच्या दखम्यावरील आकाश १९३७ च्या नियमांच्या परिशिष्टातच निषिद्ध ठरवले गेले होते. मृतांच्या एकांताचा मान राखण्यासाठी आकाश बंद करणे आणि तोफखान्यासाठी आकाश बंद करणे या दोन्ही गोष्टी एकाच कलमाखाली याव्यात, हे लक्षणीय आहे. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र यादीतील भर मुख्यत: संरक्षण आणि अणुऊर्जा या कारणांनीच पडत गेली.

ग्लायडरच्या लांब पल्ल्याचा जन्म

लांब पल्ल्याचे ग्लायडर उड्डाण हे स्वत:च एका बंदीचे अपत्य आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानदळ ठेवण्यास मनाई केली. इंजिनाच्या विमानांवरील निर्बंधांमुळे तेथील तरुण आणि तंत्रज्ञ इंजिनविरहित उड्डाणाकडे वळले. १९२० पासून ऱ्होन पर्वतातील वासरकुप्पे या टेकडीवर वार्षिक स्पर्धा सुरू झाल्या. आरंभी ग्लायडर टेकडीच्या उतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत असे. १९२९ मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्ड याने शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडला. पुढे तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभांचा उपयोग वैमानिकांना उमगला आणि ग्लायडर टेकड्यांपासून मुक्त झाला. घारी व गिधाडे हेच तंत्र वापरतात : उष्ण स्तंभात गिरक्या घेत उंची मिळवायची, मग ती खर्च करत पुढच्या स्तंभापर्यंत घसरत जायचे.

१९३९ च्या जुलैमध्ये सोव्हिएत वैमानिक ओल्गा क्लेपिकोव्हा हिने मॉस्कोजवळून उड्डाण करून ७४९ किलोमीटर अंतर कापले. हा विक्रम बारा वर्षे अबाधित राहिला. २५ एप्रिल १९७२ रोजी हान्स-व्हेर्नर ग्रोसे याने ल्युबेकहून फ्रान्समधील बियारित्झपर्यंत १४६० किलोमीटरचे उड्डाण केले. ल्युबेक हे शहर त्या काळी दोन जर्मनींच्या सीमेला अगदी लागून होते. पूर्वेकडील आकाश पूर्णत: बंद होते, आणि ग्रोसेला अनुकूल वारा नेमका नैर्ऋत्येकडे नेणारा मिळाला. २००३ साली क्लाऊस ओलमान याने अँडीज पर्वतरांगेवरील हवेच्या लहरींचा आधार घेत ३००० किलोमीटरचा टप्पा पार केला.

या उड्डाणांत वैमानिकाचे कौशल्य आणि हवामान जितके महत्त्वाचे होते तितकेच मोकळे आकाशही. इंजिनाच्या विमानाला बंद क्षेत्र टाळण्यासाठी वळसा घालावा लागला तर थोडे इंधन जास्त लागते. ग्लायडर मात्र वळशाची किंमत उंचीच्या रूपाने मोजतो. १ : २८ असे घसरणीचे प्रमाण असलेल्या ग्लायडरला स्थिर हवेत २८ किलोमीटरच्या वळशासाठी एक किलोमीटर उंची गमवावी लागते. आकाशात एका जागी थांबून परवानगीची वाट पाहण्याची सोयही त्याला नाही.

हडपसर आणि लोहगाव

पुण्यात राज्यसंस्थेची दोन रूपे परस्परांपासून सुमारे दहा किलोमीटरवर उभी आहेत. हडपसर येथील ग्लायडर केंद्र हे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतील. सामान्य नागरिकाला आणि विद्यार्थ्याला परवडेल अशा दरात उड्डाण शिकवावे, त्यातून पुढे वैमानिक घडावेत, हा त्यामागील हेतू. उत्तरेला लोहगावचा हवाई तळ आहे. त्याची स्थापना १९३९ ची असून १९९७ पासून तेथे सुखोई लढाऊ विमाने आहेत. पश्चिमेला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आणि तेथील छात्र उड्डाणाचे पहिले धडे मोटार-ग्लायडरवर घेत आले आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेनेही अनेक वर्षे ग्लायडरचाच आश्रय घेतला. म्हणजे ज्या व्यवस्थेने आकाश बंद केले तिलाच आपला वैमानिक घडवण्यासाठी ग्लायडर हवा होता. हा विरोधाभास पुण्याच्या आकाशात जितका स्पष्ट दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसत असेल.

हडपसरला ग्लायडर 'विंच'च्या साहाय्याने, म्हणजे यंत्रावर गुंडाळल्या जाणाऱ्या लांब तारेने ओढून, वर सोडतात. हजार फुटांच्या आसपास तार सुटते आणि पुढचे सारे हवेवर अवलंबून असते. उष्ण स्तंभ न मिळाल्यास काही मिनिटांत पुन्हा धावपट्टी गाठावी लागते. स्तंभ मिळाला तर उंची वाढते, पण त्याबरोबरच लोहगावच्या वाहतुकीचा प्रश्नही उभा राहतो. तेथील नियंत्रण कक्षाशी समन्वय राखल्याशिवाय वर चढत जाणे शक्य नाही.

स्वतंत्र भारताने ग्लायडरची निर्मितीही स्वत: केली होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. दिल्लीतील नागरी विमानवाहतूक खात्याच्या तंत्रकेंद्रात एस. राममृतम् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अश्विनी (१९५८), रोहिणी (१९६१), कार्तिक (१९६३), मृगशीर्ष (१९७०) आणि आर्द्रा (१९७९) हे ग्लायडर घडवले. त्यांपैकी रोहिणी हा शेजारी-शेजारी दोन आसनांचा शिकाऊ ग्लायडर शंभराहून अधिक संख्येने तयार झाला. नावे नक्षत्रांवरून दिलेली, कार्तिकही कृत्तिकेशी नाते सांगणारा. वऱ्हाडातील शेतकऱ्याला या नावांचा अर्थ सांगावा लागत नाही. सूर्य रोहिणीत गेला की नवतपा सुरू होतो, जमीन सर्वाधिक तापते आणि उष्ण स्तंभ सर्वांत जोमदार असतात. मृग लागून पाऊस आला की पेरणी सुरू होते आणि हवेतील ते स्तंभ विरतात. ग्लायडरचा हंगाम नेमका शेतीच्या मोकळ्या काळात येतो, म्हणजे उघड्या रानात उतरण्याची सोय असते तेव्हा.

हडपसर ते बाळापूर : नकाशावरील एक रेषा

आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार रौप्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटर, सुवर्ण बिल्ल्यासाठी ३००, तर हिरक श्रेणीसाठी ५०० किलोमीटरचे उड्डाण आवश्यक असते. हडपसर ते बाळापूर हे सरळ अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे. निव्वळ हवामानाचा विचार केला तर एप्रिल-मे महिन्यांत हा मार्ग अत्यंत अनुकूल ठरावा. दख्खनचे पठार, तापलेली काळी जमीन, तीन किलोमीटर वा त्याहून अधिक उंचीपर्यंत घुसळणारी हवा, आणि शेवटी चिखलीच्या पुढे बालाघाटावरून पायनघाटात उतरताना जमीनच सुमारे तीनशे मीटरने खाली जाते, ही ग्लायडरला मिळालेली जणू फुकटची उंची. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरील बाळापूरचा किल्ला ही वरून सहज ओळखू येणारी खूण.

हीच रेषा लष्करी नकाशावर ठेवली तर चित्र पालटते. उड्डाण होताच डावीकडे लोहगावचे नियंत्रित आकाश येते. शंभरेक किलोमीटरवर ही रेषा जवळजवळ थेट अहमदनगरवरून (२०२४ पासून अहिल्यानगर) जाते. तेथे १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि शहराच्या उत्तरेला खारे-कर्जुने येथील रणगाड्यांचे सरावक्षेत्र, म्हणजे 'के. के. रेंज', पसरलेले आहे. दक्षिणेकडून वळसा घ्यायचा तर उंची खर्च होते. उत्तरेकडून घेतला तर लोहगाव आणि सरावक्षेत्र या दोहोंमधून वाट काढावी लागते. नगरनंतर पैठण, जालना, चिखली हा टप्पा तुलनेने मोकळा आहे, परंतु पहिले शंभर किलोमीटरच अवघड असल्याने पुढच्या मोकळेपणाचा उपयोग मर्यादित राहतो.

भारतातील ग्लायडर केंद्रांचे कार्य मुख्यत: प्रशिक्षण आणि स्थानिक फेऱ्या यांपुरते राहिले. याचे सर्व खापर लष्करी आकाशावर फोडणे अर्थातच योग्य नाही. परदेशी ग्लायडरच्या किमती, प्रशिक्षकांची वानवा, पावसाळ्यातील खंड ही कारणेही तितकीच खरी आहेत. तथापि एका कारणाकडे आजवर दुर्लक्ष झाले आहे, ते म्हणजे पुराव्याचा प्रश्न. उपग्रहाधारित नोंदयंत्रे येण्यापूर्वी, म्हणजे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, वैमानिकाने ठरलेले वळणबिंदू गाठल्याचे सिद्ध करण्यासाठी आकाशातून त्यांची छायाचित्रे घ्यावी लागत. १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमानुसार मात्र उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेणे हा गुन्हा होता. जगभर जो क्रीडेचा पुरावा मानला जाई, तोच येथे परवानगीचा विषय होता. मोठ्या प्रमाणावरील स्थलदर्शक नकाशेही सामान्य नागरिकाला सहजासहजी उपलब्ध नव्हते. भूस्थानिक माहितीवरील निर्बंध प्रत्यक्षात सैल झाले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये.

संशयाचा इतिहास

ग्लायडरकडे संशयाने पाहिले जाण्यास काही आधार निश्चितच आहे. इंजिन नसल्याने तो आवाज करत नाही, आणि लाकूड व कापडाची रचना रडारवर ठळक उमटत नाही. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाट येथून दोस्त राष्ट्रांचे ग्लायडर ब्रह्मदेशातील जपानी आघाडीच्या पिछाडीस सैनिक घेऊन उतरले, ते याच गुणांच्या बळावर. नोव्हेंबर १९८७ मध्ये लेबनॉनमधून हँग-ग्लायडरने इस्राएली छावणीवर झालेला हल्ला आणि ऑक्टोबर २०२३ मधील पॅराग्लायडरचा वापर यांमुळे हा संशय अधिक दृढ झाला. २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांनी पॅराग्लायडर, फुगे व सूक्ष्म विमानांवर वेळोवेळी बंदी आदेश काढले आहेत.

परंतु संशय आणि नियम यांत फरक करावा लागतो. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात एका वयस्क ग्लायडर वैमानिकाला अणुवीज केंद्राजवळ गिरक्या घेतल्याबद्दल अटक झाली. ते आकाश बंद नव्हते. तो केवळ उष्ण स्तंभाच्या शोधात होता. त्याच्यावरील आरोप पुढे मागे घेण्यात आले. नियम स्पष्ट असूनही ग्लायडरच्या गिरक्या टेहळणीसारख्या वाटतात, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंजिनाच्या विमानाची सरळ रेषाच असते.

वेळेनुसार आकाश

युरोपने या प्रश्नावर शोधलेला उपाय म्हणजे १९९६ पासून अमलात आलेला 'आकाशाचा लवचीक वापर'. आकाश कायमचे लष्करी वा नागरी न मानता, ज्या वेळी लष्कराला त्याची गरज नसेल त्या वेळी ते इतरांना खुले करावयाचे, हे त्याचे सूत्र. सुटीच्या दिवशी लष्करी सराव कमी असतो आणि हौशी ग्लायडर वैमानिकही त्याच दिवशी उडतो, त्यामुळे तेथे हे सूत्र ग्लायडरलाही उपयोगी पडले. भारतात मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी देशातील केवळ ६० टक्के आकाश मुक्तपणे उपलब्ध असल्याचे सांगून निर्बंध शिथिल करण्याची घोषणा केली. त्यापासून वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांचा लाभ होईल, असा अंदाज देण्यात आला. हा हिशेब प्रवासी विमानांच्या इंधनाचा आणि वेळेचा होता.

जमिनीवर मात्र वेळेनुसार बंदी ही कल्पना भारताला नवी नाही. १९३८ च्या लष्करी सराव व तोफखाना गोळीबारविषयक अधिनियमानुसार सरावक्षेत्राच्या हद्दीतील गावांना गोळीबाराच्या तारखा आधी कळवाव्या लागतात. के. के. रेंजच्या परिसरातील नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतील गावकऱ्यांचा या सूचनांशी आणि भूसंपादनाच्या प्रश्नाशी दीर्घकाळ संबंध आला आहे. त्याच गोळीबाराची आकाशासाठीची सूचना वैमानिकांना स्वतंत्र मार्गाने दिली जाते. या दोन्ही सूचना एकत्र ठेवून, एप्रिल-मे महिन्यांतील रविवारच्या दुपारी नगरवरील आकाशाचा किती उंचीपर्यंतचा पट्टा हडपसरच्या ग्लायडरला खुला ठेवता येईल, हे संरक्षण खाते आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालय यांनी मिळून ठरवणे शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.