सोबतीला कोण, लेकरांपाशी कोण

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील माणसांसाठी मोठ्या दुखण्याची वाट त्याआधीच ठरून गेली होती, आणि ती अकोल्याला, नागपूरला किंवा थेट मुंबईला जात होती. कर्करोगाच्या बाबतीत तर उपचार म्हणजे गाव सोडणे, हाच अर्थ कित्येक दशके राहिला. घरातला कर्ता पुरुष आजारी पडला तर ‘सोबतीला कोण जाणार’ हा प्रश्न घरापुढे उभा राही. तान्ह्या किंवा शाळकरी मुलांची आई आजारी पडली की त्याच्या जोडीला ‘लेकरांपाशी कोण राहणार’ हा दुसरा प्रश्न येई. पहिल्या प्रश्नाला धर्मशाळा, सेवाभावी संस्था आणि शासन यांनी पुष्कळ आधी हात घातला. दुसऱ्याचे उत्तर मात्र दीर्घकाळ नात्यातल्या बायकांवर सोडले गेले, आणि पुढे गावातल्या ज्या स्त्रियांनी तो भार उचलला त्यांची नोंद ‘स्वयंसेविका’ या एका शब्दापलीकडे फारशी झाली नाही.

सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईत परळला सुरू झाले. वाशीम हे अकोला–पूर्णा मार्गावरचे स्थानक असल्याने मीटरगेजच्या काळात मुंबईला निघालेल्या रुग्णाला अकोल्याला उतरून दुसरी गाडी धरावी लागे. मुंबईत पोहोचल्यावर खरी अडचण खाटेची नव्हे, तर निवाऱ्याची असे. कारण किरणोपचार, म्हणजे गाठीच्या जागी किरणांचा मारा करून रोगट पेशी नष्ट करण्याची आणि बोलीत ‘शेक’ म्हटली जाणारी पद्धत, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे अनेक आठवडे चालते आणि तेवढ्या काळासाठी रुग्णाला दाखल करून घेतले जात नाही. ही अडचण ज्यांनी सर्वांत आधी ओळखली त्यांत वऱ्हाडचेच गाडगेबाबा होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेल्या आणि कारंजाशेजारच्या मूर्तिजापूरला कर्मभूमी मानलेल्या या संताने तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांच्या मागोमाग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली. यात्रेकरूचा निवारा रुग्णाच्या सोबत्याला मिळणे, हा महाराष्ट्राच्या सेवापरंपरेतला मोठा पालट होय. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा पुढे टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांचा मुख्य आधार झाली.

विदर्भात याच परंपरेची दुसरी धार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची आहे. गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेतून सेवेची शिस्त लावणाऱ्या तुकडोजी महाराजांचे 11 ऑक्टोबर 1968 रोजी गुरुकुंज मोझरी येथे कर्करोगानेच निधन झाले, आणि नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव मिळाले. मुंबईत 1951 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी, 1969 मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि 1994 मध्ये व्ही केअर फाउंडेशन या संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी शेवटची संस्था स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रीने स्थापन केली, आणि आजार भोगलेल्या माणसानेच नव्या रुग्णाला धीर द्यावा, हा विचार तिच्यामुळे येथे रुजण्यास मदत झाली. या सर्वांचे कार्य आदरास पात्र आहे. मात्र ते रुग्णालयाच्या दारापाशी होते, आणि आजारी आईचे घर त्या दारापासून शेकडो किलोमीटर दूर होते.

त्या घरात काय घडते, हे पाहिल्याशिवाय या मदतीचे स्वरूप कळत नाही. केमोथेरपी, म्हणजे शिरेतून औषध देऊन रोगट पेशींची वाढ रोखण्याचा उपचार, ज्याला खेड्यात नुसते ‘किमो’ म्हणतात, बहुधा दर 21 दिवसांनी दिला जातो. प्रत्येक फेरीनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि मुलाची साधी सर्दीही आईला जड जाऊ शकते, म्हणून ज्या दिवसांत लेकरू तिच्याकडे सर्वाधिक झेपावते त्याच दिवसांत त्याला आवरावे लागते. अंगावर पिणारे मूल असेल तर ते एकाएकी तोडावे लागते, आणि वाटी-चमच्याची सवय नसलेल्या त्या मुलाला रात्री कोणीतरी दुसऱ्याच बाईने थोपटून निजवावे लागते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, त्यामुळे पाण्याने भरलेला हंडा आणि कडेवरचे मूल या दोन्ही गोष्टी सांभाळूनच, बरेच दिवस तर टाळूनच, चालावे लागते. दूध तुटते, कड सुटते. आणि आजार लागेल या भीतीने शेजारचेही मूल खेळायला येईनासे झाले, तर घर आणखी ओस पडते. वास्तविक कर्करोग स्पर्शाने लागत नाही आणि बाहेरून शेक घेतलेल्या शरीरातून किरणही येत नाहीत. पण ही गोष्ट त्या उंबरठ्यावर बसून समजावणारे माणूस लागते.

जुन्या व्यवस्थेत या सगळ्याचे उत्तर माहेर हे होते. मुले मामाकडे जात, थोरल्या मुलीची शाळा सुटे, आणि आजी दुसऱ्यांदा आई होई. परंतु ही व्यवस्था नात्यावर आणि हंगामावर अवलंबून होती. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत, जेव्हा वर्षाचा बराचसा रोजगार थोड्या आठवड्यांत मिळतो, तेव्हा मायाळू शेजारणीलाही मजुरी सोडून दुसऱ्याच्या लेकरापाशी थांबणे परवडत नाही. उपचाराची तारीख हंगाम पाहून येत नसल्याने नेमक्या त्याच दिवसांत आईला घर सोडावे लागे.

या पोकळीत पहिली सार्वजनिक सोय आली ती अंगणवाडीच्या रूपाने. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील सुरुवातीच्या प्रकल्पांत मेळघाटातील धारणीचा समावेश होता. ही योजना कुपोषणासाठी आखलेली होती, कर्करोगासाठी नव्हे. तरीही दिवसातले काही तास मूल सुरक्षित हाती असणे आणि त्याच्या पोटात गरम अन्न जाणे, ही आजारी आईची पहिली गरज तिने भागवली. गावातल्याच स्त्रीला आरोग्याचे शिक्षण देण्याचा प्रयोग आरोळे दांपत्याने 1970 पासून जामखेडला यशस्वी करून दाखवला होता. अशा स्त्रीची गरज किती खोल होती, हे डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील अभ्यासाने 1989 मध्ये जगापुढे आणले: तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. जे दुखणे सासूला सांगता येत नाही आणि पुरुष डॉक्टरपुढे बोलता येत नाही, ते सांगण्यासाठी ओळखीची बाई हवी, हा त्या आकड्यांचा अर्थ आहे.

अशी बाई वाशीमच्या गावांना मिळाली ती 12 एप्रिल 2005 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. साधारण हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमताना ती त्याच गावात राहणारी विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, अशी अट होती. म्हणजे बहुतेक वेळा ती स्वतःच मुलांची आई होती. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये आला, तेव्हा पहिल्या टप्प्यातील शंभर जिल्ह्यांत महाराष्ट्रातून जे मोजके जिल्हे निवडले गेले त्यांत वाशीमचा समावेश होता. पुढे 30 वर्षांवरील प्रत्येकाची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी प्राथमिक चौकशी करून तक्ता भरण्याचे काम आशांकडे आले. तिशीची ही मर्यादा शास्त्राच्या दृष्टीने समजण्यासारखी असली, तरी पंचविशी-सत्ताविशीतली दोन लेकरांची आई तिच्या बाहेर राहते, आणि तिची गाठ लक्षात येणे हे आशाताईचा घरोबा किती आहे यावर अवलंबून राहते.

शासनाच्या भाषेत आशा ही कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे; तिला वेतन नव्हे तर मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. सेवाभाव ही थोर गोष्ट खरीच, पण तिच्या नावाखाली कष्टाचे मोल कमी लावणे न्याय्य नाही, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यभरातील आशांनी केलेला संप याच दृष्टीने पाहिला पाहिजे. मोबदल्याच्या यादीत प्रसूती, लसीकरण, तक्ते आहेत. आजारी आईच्या मुलाला अंगणवाडीत पोहोचवणे, तिच्या पुढच्या ‘किमो’ची तारीख लक्षात ठेवणे, बचत गटातून प्रवासापुरते कर्ज काढून देण्यासाठी चार बायकांशी बोलणे, ही कामे त्यात नाहीत.

उपचाराच्या खर्चासाठी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2013 मध्ये राज्यभर लागू झाली आणि 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मुलांच्या वाट्याला येणारा आधार मात्र क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आहे. ही योजना अनाथ मुलांपुरतीच आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पालक कर्करोगासारख्या दुर्धर आजाराने ग्रासलेले असतील तर त्यांचे मूलही तिला पात्र ठरते, आणि 2023 मध्ये वाढवलेल्या दराप्रमाणे दरमहा 2,250 रुपये मिळतात. त्यासाठी आजाराचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या जन्माची नोंद जमवून प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जावे लागते. आई नागपूरला आणि बाप तिच्या सोबतीला असताना तहसिलीच्या या खेपा जी कोणी गावातली बाई घालते, तिच्या चिकाटीवरच त्या लेकरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे वेळेवर येतात.