'दुर्बिणीनं प्रोस्टेट काढलं' म्हणजे कॅन्सरचा धोका टळला का?

आर्वी असो की हिंगणघाट, वर्धा जिल्ह्यात साठी ओलांडलेल्या कुणाचं तरी 'दुर्बिणीनं प्रोस्टेट काढलं' हे कानावर येतंच. बहुतेक वेळा ही कॅन्सरची शस्त्रक्रिया नसते. ग्रंथी वाढून लघवी अडली की लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून तिचा फक्त आतला भाग खरवडून काढतात. ही टीयूआरपी. कॅन्सर मात्र बहुतांशी ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो आणि तो भाग शरीरातच राहतो! त्यामुळे काढलेल्या तुकड्यांचा बायोप्सी रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढची पीएसए तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना विचारा. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथं मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत, रिपोर्ट दाखवायला लगेच नागपूर गाठायची गरज नाही.

मग कॅन्सरची शस्त्रक्रिया कोणती?

कॅन्सर ग्रंथीपुरताच असेल तर अख्खी ग्रंथी काढतात. अमेरिकेत ह्यू यंग यांनी १९०४ मध्ये ती पहिल्यांदा केली. पुढची कित्येक दशकं रक्तस्राव खूप व्हायचा, लैंगिक क्षमता जवळपास जायचीच. ग्रंथीला चिकटून जाणाऱ्या बारीक नसा कापल्या जात होत्या. पॅट्रिक वॉल्श यांनी डच डॉक्टर पीटर डॉन्कर यांच्यासोबत त्या नसा नेमक्या कुठून जातात हे शोधलं आणि १९८२ मध्ये त्या वाचवून शस्त्रक्रिया केली. खरी झेप हीच.

नव्वदच्या दशकात पोटावर छोटी छिद्रं पाडून, म्हणजे लॅपरोस्कोपीनं ती होऊ लागली (हीसुद्धा 'दुर्बीण'च, म्हणून गोंधळ). २००० पासून रोबो आला. डेट्रॉइटमध्ये भारतीय वंशाचे मणी मेनन यांनी ती पद्धत रुळवली. रोबो स्वतः काही करत नाही, हात सर्जनचेच. रक्त कमी जातं, सुट्टी लवकर मिळते. पण २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता उघड्या शस्त्रक्रियेइतकीच दिसली. त्यामुळे मशीनपेक्षा सर्जनचा अनुभव आधी विचारावा.

शस्त्रक्रिया लागतेच का?

नाही. ग्रंथीपुरत्या कॅन्सरवरच्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात १५ वर्षांनी नुसतं लक्ष ठेवलेले, शस्त्रक्रिया झालेले आणि रेडिएशन घेतलेले, तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले १०० पैकी साधारण ३ होते.

कॅन्सर हाडांत पसरला असेल तर ग्रंथी काढून सहसा उपयोग नसतो. तेव्हा पुरुषी हार्मोन रोखतात. त्यासाठी दर काही महिन्यांनी इंजेक्शन किंवा एकदाच वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी तिचा परिणाम दाखवला, पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नाव ऐकून घरचे बिचकतात, पण दर खेपेला मजुरी बुडवून दवाखान्यात यावं लागणाऱ्यासाठी ती आजही स्वस्त पडते.