घोड्याच्या केसापासून तंगुसापर्यंत

मासा लागला की लोक गळाची वाखाणणी करितात, आमिषाची करितात, क्वचित गळ टाकणाऱ्याच्या धीराचीही करितात. दोरीचे नाव कोणी काढीत नाही. म्हणून तिचा थोडा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टन याचा मासेमारीवरील विख्यात ग्रंथ १६५३ साली निघाला. त्या काळी दोरी होत असे ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची. केस आखूड, सबब काही केस एकत्र पिळावयाचे व तुकड्यास तुकडा गाठीने जोडावयाचा. पुढे रेशीम आले. रेशमी दोरी जवसाच्या तेलात मुरवीत, आणि परतल्यावर उलगडून वाळवीत. न वाळविल्यास ती कुजे. गळाजवळचा तंतू तर याहून नवलाचा! स्पेनातील मुर्सिया प्रांतात कोश विणण्याच्या बेतात आलेला रेशमाचा किडा शिरक्यात भिजवीत व त्याच्या पोटातील रेशमाची पिशवी ताणून तिचाच तंतू करीत. तो कोरडा असता मोडे. म्हणून वापरण्यापूर्वी पाण्यात भिजत ठेवावा लागे.

आपल्या किनाऱ्यावर भिस्त सुतावर व तागावर. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुचकळणे आणि उन्हात वाळविणे यांत आपल्या वडीलधाऱ्यांचे किती दिवस गेले, याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही.

हा जाच नायलॉनने संपविला. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली ते सिद्ध केले. १९३८ साली त्याची जाहीर वार्ता झाली; परंतु कॅरोदर्स १९३७ सालीच निवर्तले होते. या नायलॉनची एकपदरी दोरी म्हणजेच आपला तंगूस. तो स्वस्त, आणि ताणला जात असल्यामुळे माशाचा हिसका सोसणारा. मात्र तो पाणी शोषून किंचित दुबळा होतो आणि उन्हाने झिजतो.

जपानात १९७१ साली फ्लुओरोकार्बनची दोरी निघाली. प्रकाश वाकविण्याचे पाण्याचे मान १.३३, हिचे १.४२, नायलॉनचे सुमारे १.५३, म्हणून ही पाण्यात कमी दिसते. ती जड असून बुडते. त्यानंतरची पॉलिएथिलीनची विणीव दोरी उलट तरंगते, बारीक असून बळकट असते, जवळजवळ ताणली जात नाही. पण साधी गाठ तिच्यावर घसरते आणि उघड्या हाताने ओढल्यास बोट कापते.

कुजणे हा दोष आम्ही वर सांगितला. परंतु तुटून समुद्रात गेलेली सुताची दोरी कालांतराने नाहीशी होई, हा तिचा गुणही मानावा लागेल. तंगुसाचे तसे नाही. खडकात अडकून राहिलेला त्याचा गुंता धनी घरी गेल्यावरही खेकडे, कासवे व पक्षी यांना वर्षानुवर्षे पकडीत राहतो. तो सोडवून, तुकडे करून, होडीतूनच परत आणावा. हे काम जुन्या वाळवणीपेक्षा पुष्कळच हलके आहे.