एन.सी.पी.ए. येथील संगीत मैफली

नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स (संक्षेप : एन.सी.पी.ए.) ही मुंबईतील नरिमन पॉइंट येथे असलेली संगीत, नृत्य व नाट्य या कलांना वाहिलेली संस्था होय. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला, समुद्रात भर घालून तयार केलेल्या सुमारे ८ एकर जमिनीवर तिची नाट्यगृहे उभी आहेत. हिंदुस्थानी व कर्नाटक संगीत, पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि समकालीन संगीत यांच्या मैफली येथे वर्षभर होत असतात. ध्वनिवर्धकाच्या मदतीवाचून गाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे, या हेतूने बांधलेले टाटा नाट्यगृह हे या संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य मानले जाते. प्रस्तुत लेखात संस्थेच्या सांगीतिक कार्याचा परिचय करून दिला आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई हे हिंदुस्थानी संगीताचे मोठे केंद्र बनले. संस्थानांचा आश्रय कमी होऊ लागल्यावर अनेक गवई व वादक या शहरात आले. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथेच घालवली. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्यांची कारकीर्दही मुंबईतच बहरली. मैफली श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत, गिरगावातील लक्ष्मीबागेसारख्या छोट्या सभागृहांत आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत होत असत. बैठकीत गायक व श्रोता यांच्यात काही हातांचेच अंतर असे. मांडवात मात्र गर्दी मोठी असे आणि आवाज सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे काम कर्ण्यावर सोपवलेले असे.

पाश्चात्त्य संगीताचीही शहरात जुनी परंपरा होती. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पुढे जगद्‌विख्यात वाद्यवृंदसंचालक झालेले झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र होत. कावसजी जहांगीर सभागृहासारख्या वास्तूंमध्ये अशा मैफली होत. तथापि ही सभागृहे सार्वजनिक सभांसाठीही वापरली जात. संगीताचा विचार आधी करून बांधलेले मोठे प्रेक्षागृह शहरात नव्हते.

स्थापना

जमशेद भाभा (१९१४–२००७) हे या संस्थेचे प्रमुख संस्थापक होत. ते टाटा उद्योगसमूहातील ज्येष्ठ अधिकारी आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचे धाकटे बंधू होते. भारतातील प्रयोगकलांचे जतन आणि संवर्धन करणारी संस्था असावी, ही कल्पना त्यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि जे. आर. डी. टाटा यांनी तिला पाठबळ दिले. २९ डिसेंबर १९६९ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले. त्या वेळी संस्था भुलाभाई देसाई मार्गावरील ‘आकाशगंगा’ या इमारतीत होती आणि तेथे ७० आसनांचे छोटे प्रेक्षागृह होते.

नरिमन पॉइंट येथील वास्तू उभी राहिल्यावर संस्था तेथे स्थलांतरित झाली. ११ ऑक्टोबर १९८० रोजी टाटा नाट्यगृहाचे उद्घाटनही इंदिरा गांधी यांनीच केले. होमी व जमशेद भाभा यांचे मलबार हिल येथील ‘मेहरांगीर’ हे निवासस्थान जमशेद भाभांच्या इच्छापत्रानुसार संस्थेकडे आले. २०१४ मध्ये लिलावात त्याची ३७२ कोटी रुपयांना विक्री झाली.

प्रेक्षागृहे

संस्थेच्या आवारात पाच प्रेक्षागृहे आहेत.

• टाटा नाट्यगृह : सुमारे १,००० आसने. मुख्यतः भारतीय संगीत, एकल वादन, छोटे वाद्यसमूह व नाटके यांसाठी.
• जमशेद भाभा नाट्यगृह : सुमारे १,१०० आसने. सिंफनी वाद्यवृंद, ऑपेरा, बॅले व मोठ्या नाट्यप्रयोगांसाठी.
• एक्सपेरिमेंटल थिएटर : सुमारे ३०० आसने. रंगमंच व आसने यांची मांडणी प्रयोगानुसार बदलता येते.
• गोदरेज डान्स थिएटर : नृत्य व छोट्या मैफलींसाठी.
• लिटल थिएटर : सुमारे ११४ आसने. नवोदित कलावंतांच्या मैफली, व्याख्याने व प्रात्यक्षिके यांसाठी.

टाटा नाट्यगृहाची ध्वनिरचना

टाटा नाट्यगृहाचा आराखडा अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी तयार केला. ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची असून न्यू यॉर्क येथील मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसच्या ध्वनिरचनेतही त्यांचा वाटा होता. भारतीय संगीताचा श्रोता कलावंताच्या जवळ बसतो, त्याचा चेहरा व हात पाहतो आणि दादही देतो. हे नाते हजार माणसांच्या सभागृहात कसे टिकवावे, हा या रचनेपुढील मूळ प्रश्न होता. त्यासाठी आसने पंख्याच्या आकारात रंगमंचाभोवती पसरलेली आहेत. त्यामुळे सरळ लांबट सभागृहाच्या तुलनेत शेवटची रांग रंगमंचाच्या जवळ येते. भिंती व छत सपाट न ठेवता त्यांना निरनिराळ्या कोनांत पृष्ठे दिली आहेत. सपाट व समांतर भिंतींमध्ये आवाज पुनःपुन्हा आपटून घुमतो, तर अशा तुटक पृष्ठांवरून तो विखुरला जाऊन सर्वत्र सारखा पसरतो.

येथे निनादकाल ही संकल्पना लक्षात घ्यावी लागते. ध्वनीचा उगम थांबल्यानंतर तो सभागृहात विरून जाण्यास जो वेळ लागतो, त्यास निनादकाल म्हणतात. सिंफनी वाद्यवृंदासाठी साधारणपणे दोन सेकंदांच्या आसपासचा निनादकाल उत्तम मानतात, कारण अनेक वाद्यांचे स्वर त्यामुळे एकमेकांत मिसळून भरदार होतात. ख्यालगायनातील द्रुत तान किंवा तबल्यावरील रेला यांना एवढा निनाद मानवत नाही, कारण एक स्वर वा बोल विरण्यापूर्वीच दुसरा येतो आणि दोन्ही अस्पष्ट होतात. उलट निनाद अगदीच कमी असेल, तर तानपुऱ्याची आस कोरडी वाटते आणि गायकाला आपलाच आवाज परका वाटू लागतो. एकाच सभागृहात सर्व प्रकारच्या संगीताला न्याय देणे म्हणूनच कठीण असते. भारतीय संगीत आणि सिंफनी यांना एकाच आवारात स्वतंत्र नाट्यगृहे असण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

ध्वनिवर्धकाचा प्रश्न

ध्वनिवर्धकाविना मैफल हा टाटा नाट्यगृहाचा मूळ हेतू असला, तरी तो पूर्णपणे अमलात येणे कलावंतांवरही अवलंबून असते. ध्वनिवर्धक रूढ होण्यापूर्वीच्या गायकांना आवाज फेकण्याची तालीम मिळत असे. नंतरच्या पिढ्यांनी ध्वनिवर्धक जवळ आहे हे गृहीत धरून हळुवार, कुजबुजती स्वरयोजना विकसित केली. त्यातून काही नवी सौंदर्यस्थळेही निर्माण झाली, पण न वाढवलेल्या आवाजात ती मागच्या रांगेपर्यंत पोहोचतीलच असे नाही. संगतीचा प्रश्नही असतो. तबल्याचा आवाज मुळातच मोठा, तर सारंगी व तानपुरा यांचा लहान. बैठकीत वादक हा तोल कानाने सांभाळत, पुढे तो ध्वनियंत्रणा हाताळणाऱ्याच्या हाती गेला. त्यामुळे ध्वनिवर्धकाविना होणारी मैफल ही श्रोत्यांइतकीच कलावंतांचीही कसोटी ठरते. श्रोत्यांनाही प्रारंभीची काही मिनिटे कान लहान आवाजाला सरावू द्यावे लागतात. त्यानंतर मात्र मींड, कण व श्वासाच्या जागा अधिक स्पष्टपणे ऐकू येतात, असा जाणकारांचा अनुभव आहे.

जमशेद भाभा नाट्यगृह

सिंफनी, ऑपेरा व बॅले यांसाठी मोठा रंगमंच आणि त्यापुढे वादकांसाठी खोलगट जागा असलेले नाट्यगृह भारतात व्हावे, ही जमशेद भाभांची जुनी इच्छा होती. त्याचे बांधकाम पूर्ण होत आले असताना १९९७ मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली. त्या वेळी भाभा यांनी वयाची ८० वर्षे ओलांडली होती. त्यांनी नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले आणि १९९९ मध्ये ते सुरू झाले. प्रवेशदालनातील संगमरवरी जिना मलबार हिल येथील पेटिट हॉल या जुन्या वास्तूतून आणलेला आहे.

हिंदुस्थानी व कर्नाटक संगीत

संस्थेच्या भारतीय संगीत विभागातर्फे एकल मैफलींबरोबर विषयनिष्ठ महोत्सवही भरवले जातात. ‘आदि अनंत’ या महोत्सवात हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धतींतील ज्येष्ठ कलावंतांचा सहभाग असतो. ‘बंदिश’ या महोत्सवात वाग्गेयकार व संगीतरचनाकारांच्या रचना सादर होतात. बंदिशीच्या कर्त्याचे नाव श्रोत्यांना बहुधा ठाऊक नसते, म्हणून या उपक्रमाला महत्त्व आहे. ‘उमंग’ ही मालिका तरुण कलावंतांसाठी आहे. गुरू-शिष्य परंपरेनुसार शिकवणाऱ्या गुरूंना व त्यांच्या शिष्यांना आर्थिक साहाय्य देण्याची योजनाही संस्थेने राबवली आहे.

संशोधन व दस्तऐवजीकरण

मैफलींइतकेच दस्तऐवजीकरण हेही संस्थेचे उद्दिष्ट राहिले आहे. घराण्यांतील ज्येष्ठ गायक-वादकांची ध्वनिमुद्रणे करून त्यांचा मोठा संग्रह संस्थेने जमवला. १९७२ पासून काही वर्षे संस्थेचे इंग्रजी त्रैमासिक प्रसिद्ध होत होते. कुमुद मेहता या त्याच्या संपादिका होत्या. संगीत व नाट्य या विषयांवरील गंभीर लेखनाला त्यात स्थान मिळाले.

मराठी जगताशी संस्थेचे निकटचे नाते आहे. पु. ल. देशपांडे हे काही काळ संस्थेचे मानद संचालक होते. मराठी नाट्यसंगीत व लोककला यांचे जतन हा त्यांच्या तेथील आस्थेचा विषय होता. संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी १९८० च्या दशकापासून येथे संशोधन व प्रशिक्षणाचे काम केले. अभिजात, लोक व जनसंगीत यांकडे एकत्रितपणे पाहण्याची त्यांची दृष्टी विषयनिष्ठ कार्यक्रमांच्या आखणीत उपयोगी पडली. रंगकर्मी विजया मेहता यांनी १९९३ पासून प्रदीर्घ काळ संस्थेचे कार्यकारी संचालकपद सांभाळले.

१९८० च्या दशकात बर्नार्ड बेल व विम व्हान डर मेर या अभ्यासकांनी येथे रागसंगीताचे यंत्राच्या साहाय्याने विश्लेषण केले. गायकाच्या आवाजाची उंची क्षणोक्षणी मोजून ती रेषेच्या रूपात उमटवणारे यंत्र त्यासाठी वापरण्यात आले. मींड वा आंदोलन कागदावर डोळ्यांनी पाहता येऊ लागल्यामुळे प्रत्यक्ष गायनातील श्रुतींची चर्चा ग्रंथातील गणितापलीकडे जाण्यास मदत झाली.

पाश्चात्त्य संगीत व सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया

२००६ मध्ये संस्थेचे तत्कालीन प्रमुख खुश्रू सनटूक व कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद स्थापन झाला. त्याच्या मुख्य मैफली वर्षातील दोन हंगामांत होतात. वाद्यवृंदात परदेशी, विशेषतः कझाक वादकांचा मोठा भरणा असून भारतीय वादकांचे प्रमाण कमी आहे, ही त्याच्यावरील नेहमीची टीका आहे. वाद्यवृंदातील वादक घडवण्यास बालपणापासून अनेक वर्षांची शिस्तबद्ध तालीम लागते. हे ओळखून संस्थेने २०१२ मध्ये मुलांसाठी रशियन पद्धतीवर आधारित संगीतशिक्षण सुरू केले.

सप्टेंबर २०१५ मध्ये झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांची ‘पेशकार’ ही तबला व वाद्यवृंदासाठीची रचना झेन दलाल यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. पेशकार म्हणजे एकल तबलावादनातील प्रारंभीचा, संथ लयीत उलगडत जाणारा भाग. वाद्यवृंदाचा प्रत्येक स्वर लिहिलेला असतो, तर पेशकारात वादक आयत्या वेळी विस्तार करतो. या दोहोंची सांगड घालणे हे या रचनेपुढील आव्हान होते. २०१९ मधील ब्रिटनच्या दौऱ्यातही वाद्यवृंदाने ती सादर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता यांनी मुंबईत या वाद्यवृंदाचे संचालन केले.

जॅझ व समकालीन संगीत

मुंबईत जॅझ रुजवण्यात गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा आहे. हॉटेलांतील बँड व हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद ही त्यांची दोन प्रमुख कार्यक्षेत्रे होती. हॉटेलात हे संगीत जेवणाच्या वा नृत्याच्या साथीला असे. एन.सी.पी.ए.तील जॅझ महोत्सवामुळे त्याला केवळ ऐकण्यासाठी आलेला श्रोता लाभतो. याखेरीज गझल, सुगम संगीत, भारतीय व पाश्चात्त्य वाद्यांचे संयुक्त कार्यक्रम आणि लोकसंगीतही येथे सादर होते. या प्रकारांत ध्वनिवर्धक हा संगीताचाच भाग असतो, त्यामुळे नैसर्गिक ध्वनीसाठी बांधलेल्या सभागृहात त्याची पातळी जपून ठरवावी लागते.

श्रोतृवर्ग व टीका

संस्था प्रामुख्याने दक्षिण मुंबईतील उच्चभ्रू वर्गाची आहे, असा आक्षेप तिच्यावर वेळोवेळी घेतला गेला आहे. त्यामागे भूगोलाचाही भाग आहे. मराठी व अन्य मध्यमवर्गीय श्रोते गिरगाव-दादरकडून उपनगरांत आणि पुढे ठाणे, डोंबिवली, बोरिवलीकडे सरकत गेले, तर नरिमन पॉइंट शहराच्या टोकालाच राहिले. मैफल संपल्यावर चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठून दीड-दोन तासांचा प्रवास करायचा असल्यामुळे अनेकांना भैरवीपूर्वीच उठावे लागते. उपनगरांतील संगीत मंडळांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. संस्थेनेही सार्वजनिक उद्यानांत विनामूल्य कार्यक्रमांचा उपक्रम राबवला आहे. २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झालेल्या मेट्रो ३ मार्गिकेवरील विधान भवन स्थानकामुळे पश्चिम उपनगरांतून या भागात येणे पूर्वीपेक्षा सोयीचे झाले आहे.

रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले आणि वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर सुरू झाले. त्यामुळे मोठ्या कार्यक्रमांसाठी शहरात अन्य जागाही उपलब्ध झाल्या आहेत. तरीही मैफली, संशोधन, ध्वनिमुद्रणांचा संग्रह व शिक्षण यांचा एकाच आवारातील मेळ आणि न वाढवलेला आवाज ऐकण्यासाठी बांधलेले टाटा नाट्यगृह यांमुळे मुंबईच्या संगीतजीवनात एन.सी.पी.ए.चे स्थान वेगळे राहिले आहे.