दिवेलागणीनंतरची भूक

संध्याकाळचे साडेसात-आठ वाजले की घरोघरी एक हालचाल दिसते. जेवायला अजून अवकाश असतो, किंवा जेवण नुकतेच झालेले असते. तरी कोणीतरी उठते आणि फडताळातले डबे उघडून पाहते. हवे असते ते काहीतरी खारट, कुरकुरीत, नाहीतर गोड. मूल असेल तर त्याला हावरट म्हणायचे, मोठे माणूस असेल तर ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणायचे, अशी पद्धत आहे. पण ही भूक खरोखरच स्वभावाचा दोष आहे काय?

२०१३ साली अमेरिकेतील फ्रँक शीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२ निरोगी प्रौढांना त्यांनी १३ दिवस मंद उजेडाच्या प्रयोगशाळेत ठेवले आणि त्यांचा ‘दिवस’ २४ ऐवजी २० तासांचा केला. त्यामुळे जेवणे आणि झोप शरीरातल्या घड्याळाच्या निरनिराळ्या प्रहरी येत गेली, आणि भुकेत त्या घड्याळाचा स्वतःचा वाटा किती हे वेगळे काढता आले. भूक सर्वात कमी होती सकाळी आठच्या सुमारास. सर्वात जास्त रात्री आठच्या सुमारास. ओढही होती ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. खरे तर रात्रभराच्या उपासानंतर सकाळीच कडकडून भूक लागायला हवी! तसे होत नाही, कारण भूक केवळ रिकाम्या पोटावर चालत नाही. (या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा फळमाशीत उलगडून दाखवणाऱ्या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले.)

दिवस मावळताना जेवून निजणाऱ्या माणसाला ही संध्याकाळची भूक सोयीचीच होती. भूक वाढायची आणि ताट समोर यायचे, दोन्ही एका वेळी. मग ही वेळ मोडली कशी, हे पाहायला नागपूरजवळचे कन्हान चांगले उदाहरण आहे. नदीकाठच्या या गावावरून १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तिचा मार्ग रुंद केला. आसपास कामठी कोळसाक्षेत्र. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ पर्यंत पूर्ण झाले आणि १९७५ पासून इथल्या खाणी वेकोलिकडे आल्या. रेल्वे आणि खाण, दोन्ही रात्री थांबत नाहीत. सूर्याच्या जागी पाळी आली. दुसऱ्या पाळीचा माणूस ऐन भुकेच्या वेळी कामावर असतो आणि घरी जेवायला बसतो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. त्या वेळी इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. म्हणजे तेच अन्न सकाळपेक्षा रात्री रक्तातली साखर अधिक चढवते.

या भुकेला जुना, स्वस्त तोडगा होता. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात भडभुंज्यांची स्वतंत्र नोंद असून नावाचा उगम संस्कृत ‘भ्राष्ट्र’ (भाजण्याची कढई) आणि ‘भर्जक’ (भाजणारा) यांत दाखवला आहे. भडभुंज्याचे तंत्र साधे वाटते, पण ते पक्के भौतिकशास्त्र आहे. दाणा थेट कढईत टाकला तर एका बाजूने करपतो आणि आत कच्चा राहतो. तापलेली वाळू त्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता देते. आधी थोडे ओलावलेल्या दाण्यातल्या पाण्याची झटक्यात वाफ होते, दाणा फुलतो, साल तडकते. तेलाचा थेंबही लागत नाही. मग चाळणीने वाळू खाली, दाणे वर.

मात्र या एकाच भट्टीतून दोन अगदी वेगळी अन्ने बाहेर पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम फुटाण्यांत २२.५ ग्रॅम प्रथिने असतात, मुरमुऱ्यांत ७.५. उष्मांक जवळपास सारखे, ३६९ आणि ३२५. पण फुलल्यामुळे मुरमुऱ्यातले पिष्ट फार लवकर पचते. १९८१ मध्ये टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी ६२ पदार्थ रक्तातली साखर किती चढवतात यावरून मांडले, तेव्हा हरभऱ्यासारखी कडधान्ये तळाच्या बाजूला आली. ३० ग्रॅम फुटाणे म्हणजे जेमतेम ११० उष्मांक आणि पावणेसात ग्रॅम प्रथिने. शिवाय ते चावावे लागतात, त्यामुळे हात आपोआप सावकाश चालतो. मुरमुऱ्यांत मूठभर फल्लीदाणे मिसळायची घरगुती चाल आम्हाला म्हणूनच शहाणपणाची वाटते, फक्त मूठ खरोखर एकच हवी.

या फुटाण्यांची जागा शेवेने घेतली. दोन्हींत हरभराच; फरक तेलाचा. पिष्ट किंवा प्रथिनांच्या ग्रॅमला ४ उष्मांक, तेलाच्या ग्रॅमला ९. तळणे एकेकाळी सणासुदीचे होते, कारण तेल महाग. पुढे तेले स्वस्त व सुलभ होत गेली. विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तेल घट्ट करण्याचे पेटंट घेतले, १९३७ मध्ये भारतात डालडा आला, १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स मेदाम्ले रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात, हे नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि कातान यांनी १९९० मध्ये दाखवले. आपल्याकडे त्यांवर २ टक्क्यांची मर्यादा आली २०२२ मध्ये. तोवर किती पिढ्यांच्या संध्याकाळी त्यावर गेल्या!

वर्गात हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. सारख्या वजनाचे फुटाणे, मुरमुरे आणि शेव कुटून तीन पांढऱ्या कागदांवर पसरावे, वर वही दाबून तासभर ठेवावी आणि मग कागद झटकून खिडकीसमोर धरावेत. शेवेच्या कागदातून बाहेरचा उजेड आरपार येतो. मुलांना त्या डागाचा घेर मोजायला सांगावे, आणि मागच्या आठवड्यात रात्री आठ वाजता घरात कोणी काय खाल्ले याची यादीही करायला सांगावी. कन्हानसारख्या गावात तिच्यात आणखी एक रकाना लागेल: त्या दिवशी घरातली पाळी कोणती होती.