जिरोनातील दोन वाद

बार्सेलोनाच्या ईशान्येस सुमारे शंभर किलोमीटरांवर ओन्यार नदीच्या काठी जिरोना हे शहर आहे. पिरेनीज पर्वत ओलांडून दक्षिणेस जाणारा रोमन राजमार्ग येथून जात असे, आणि जुन्या वस्तीतील मुख्य गल्ली आजही त्याच वाटेने जाते. कातालोनियातील ह्या शहराला वेढ्यांची मोठी परंपरा आहे. नेपोलियनच्या सैन्याने १८०९ साली घातलेला वेढा तर सुमारे सात महिने चालला. पण मला आज सांगावयाचे आहे ते तेथल्या लढायांविषयी नव्हे, वादांविषयी.

माझ्याबरोबर वडील होते. त्यांची सारी हयात बांधकाम खात्यात गेली. देवालय असो वा धरण, त्यांची दृष्टी प्रथम आधाराकडे जाते. कॅथीड्रलच्या नव्वदएक पायऱ्या ते विसावा घेत घेत चढले आणि आत पाऊल टाकताच थबकले. समोर जवळजवळ तेवीस मीटर रुंदीचे दालन, त्यावर एकच दगडी कमानछत, आणि मध्ये एकही खांब नाही! गॉथिक पद्धतीच्या इमारतींत एवढे रुंद दालन जगात दुसरे नाही.

ह्या दालनामागे एक वाद आहे. १३१२ साली काम सुरू झाले तेव्हा वेदीकडील भाग नेहमीच्या रीतीने, तीन दालनांचा बांधला गेला. पुढे ती तीन दालने तशीच वाढवावी, की एकच प्रशस्त दालन करावे, ह्यावर मतभेद झाले. तेव्हा १४१६ साली धर्ममंडळाने ठिकठिकाणचे नामवंत स्थपती बोलाविले, प्रत्येकास वेगळे गाठून शपथेवर तेच तीन प्रश्न विचारले, आणि उत्तरे शब्दशः लिहून घेतली. बहुतेकांनी तीन दालनांचाच कौल दिला. परंतु कामाचा प्रमुख गियेम बोफिय ह्याने एका दालनाचा आग्रह धरला: खर्च कमी लागेल, उजेड अधिक येईल. १४१७ साली मंडळाने त्याचेच ऐकले. काम संपायला सतरावे शतक उजाडले.

वडील बराच वेळ भिंतींची जाडी न्याहाळीत उभे होते. मग म्हणाले, “मला विचारले असते, तर मी तीन दालनेच सांगितली असती. आणि ते चुकीचे ठरले नसते, बरं का.” ते खरेच होते. सावधगिरीचा सल्ला देणारे अडाणी नव्हते. त्यांचीही मते आदराने नोंदली गेली, आणि मत दिल्याबद्दल कुणाचे काही बिघडले नाही.

दुसऱ्या वादाची गोष्ट वेगळी आहे. कॅथीड्रलच्या पायथ्याशीच यहुद्यांची जुनी वस्ती आहे. तिला ‘काल’ म्हणतात. येथला थोर पंडित मोशे बेन नाहमान ह्याला १२६३ साली राजा जाउमे पहिला ह्याच्यासमोर बार्सेलोनात धर्मवादासाठी उभे केले गेले. प्रतिपक्षी होता यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती साधू झालेला पाब्लो क्रिस्तियानी. मोकळेपणाने बोलण्याची मुभा पंडिताने आधीच मागून घेतली होती, आणि वादानंतर राजाने आपल्याला तीनशे नाणी दिली असे त्याने लिहून ठेवले आहे. जिरोनाच्या बिशपाच्या विनंतीवरून त्याने तो संवाद ग्रंथरूपाने लिहिला. त्या लेखनावरूनच त्याच्यावर आरोप आले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस देश सोडून १२६७ साली जेरुसलेमला पोहोचला. तो पुन्हा परतला नाही.

दोन्ही वादांत शब्द लिहून ठेवले गेले. एकात ते इमारतीच्या कामी आले, दुसऱ्यात आरोपाच्या. बोलण्याची मुभा देणे सोपे असते. बोललेले कागदावर राहिले की तिची खरी परीक्षा होते.

पुढे १३९१ साली ह्या वस्तीवर हल्ला झाला. उरलेल्या यहुद्यांना १४९२ च्या राजाज्ञेने देश सोडावा लागला. त्यांच्यामागे कित्येक बोळ भिंती घालून बंद झाले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उघडले. एका दगडी चौकटीच्या उजव्या बाजूस तिरपी खाच दिसते. धर्मवचन लिहिलेल्या चर्मपत्राची गुंडाळी तेथे बसविलेली असे. वडिलांनी तीत बोट घालून खोली अजमावली आणि मला जवळ बोलावून दाखविले: खाच मागाहून खोदलेली नव्हती, दगड बसविण्यापूर्वीच घडविलेली होती.