होळकर संघाचे क्रिकेट वर्ष (१९४५–४६)

होळकर संघाचे क्रिकेट वर्ष : इंदूरच्या होळकर संस्थानाच्या संघाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो १९४५–४६ चा हंगाम. मार्च १९४५ मध्ये मुंबईला हरलेला अंतिम सामना या वर्षाची पार्श्वभूमी आहे, आणि मे १९४६ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर याच संघातील एका खेळाडूने केलेला पराक्रम ही त्याची शेवटची मोठी नोंद. या चौदा-पंधरा महिन्यांत होळकर संघाने आणि त्याच्या खेळाडूंनी जागतिक विक्रमांच्या यादीत इतक्या वेळा नाव घातले की, तेवढे भाग्य भारतातल्या फार थोड्या संघांच्या वाट्याला आले असेल.

माळव्यात मराठी राज्यकर्त्यांची संस्थाने जवळजवळ होती. मध्ये इंदूर, ईशान्येला देवास (त्यातही थोरली पाती आणि धाकटी पाती) आणि पश्चिमेला धार. देवास आणि धार पवारांचे, इंदूर होळकरांचे. या पट्ट्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. रणजी स्पर्धेच्या सुरुवातीच्या काळात या प्रदेशाचे प्रतिनिधित्व ‘सेंट्रल इंडिया’ नावाचा संघ करी. १९४१–४२ पासून त्याची जागा होळकर संघाने घेतली आणि ती घेताच माळव्याच्या क्रिकेटचा दर्जाच बदलला.

याचे श्रेय महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे. माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराकडून अगदी आधुनिक पद्धतीने सजवून घेणारा हा राजा क्रिकेटच्या बाबतीतही उत्तम तेच वेचणारा होता. चांगला खेळाडू हेरायचा, त्याला इंदूरला आणायचे, संस्थानच्या लष्करात किंवा चाकरीत हुद्दा द्यायचा आणि त्याच्या पोटापाण्याची काळजी मिटवायची, अशी ही व्यवस्था होती. खेळावर पोट भरण्याची सोय देशात जवळपास कुठेच नव्हती, त्या काळात या आश्रयाचे मोल फार होते. बडोदे आणि पतियाळा येथेही राजाश्रय होता. पण इंदुरात तो एका कणखर कर्णधाराच्या हाती सोपवला गेला, आणि फरक तिथे पडला.

हा कर्णधार म्हणजे कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू. जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५ चा. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर एमसीसीविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा करून त्यांनी भारतीय क्रिकेटला कसोटीचा दरवाजा उघडून दिला, असे म्हणायला हरकत नाही. १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीत तेच कर्णधार होते. होळकरांच्या बोलावण्यावरून ते १९२३ मध्ये इंदूरला आले आणि तिथलेच झाले. ‘कर्नल’ हा हुद्दा होळकरांच्या फौजेतला. शिस्तीच्या बाबतीत मात्र ते मैदानावरही कर्नलच असत. १९४५–४६ चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. त्यांच्या हाताखाली इंदूरचेच मुश्ताक अली, सागरला जन्मलेले चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, के. व्ही. भांडारकर, धाकटे बंधू सी. एस. नायडू असे खेळाडू होते. मराठी नावांची ही दाटी योगायोगाची नव्हती. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि माळवा यांच्यात जुनी ये-जा होती.

मार्च १९४५ चा अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झाला. तो निकाल लागेपर्यंत खेळायचा होता, म्हणून कोणी घाई केली नाही. मुंबईने ४६२ आणि ७६४, होळकरने ३६० आणि ४९२ धावा केल्या. एकूण २,०७८ धावा हा प्रथमश्रेणी सामन्यातला त्या वेळचा विक्रम ठरला. विजय मर्चंट यांनी मुंबईच्या दुसऱ्या डावात २७८ केल्या. रुसी मोदींनी ९८ आणि १५१ धावा करून एका रणजी हंगामात हजाराचा टप्पा ओलांडणारा पहिला फलंदाज होण्याचा मान मिळवला. होळकरपुढे ८६७ धावांचे लक्ष्य उभे राहिले. अशा वेळी कोणताही संघ हातपाय गाळतो. मुश्ताक अलींनी मात्र पहिल्या डावातील १०९ नंतर दुसऱ्यात १३९ काढल्या आणि डेनिस कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

कॉम्प्टन इंग्लंडचा, युद्धकाळात त्याची नेमणूक इंदूरजवळच्या महू छावणीत झाली होती, म्हणून तो होळकरांकडून खेळला. या सामन्याची आठवण निघाली की त्याचेच नाव आधी येते. खेळीचे मोठेपण मान्यच आहे. पण त्याच सामन्यात सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू टाकले आणि ४२८ धावांत ११ बळी घेतले. एका सामन्यात इतके चेंडू त्यापूर्वी कोणी टाकले नव्हते आणि इतक्या धावाही कोणी दिल्या नव्हत्या. लेगस्पिन टाकणाऱ्याच्या बोटांवर आणि खांद्यावर काय ताण येतो हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पहिल्या डावातील १५३ धावांत ६ बळींची कामगिरी तर कोणत्याही काळात मोठीच मानली जाईल. पुढच्या वर्षी करंडक आला तेव्हा कॉम्प्टन संघात नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवे. विजेतेपद मिळवले ते इथे राहणाऱ्या, इथे कसलेल्या खेळाडूंनी.

१९४५ च्या उत्तरार्धात लिंडसे हॅसेटच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघ भारतात आला. युद्ध नुकतेच संपले होते आणि लोक क्रिकेटला आसुसलेले होते. तीन अनधिकृत कसोटींपैकी कलकत्त्याच्या सामन्यासाठी मुश्ताक अलींना वगळल्याची बातमी फुटताच तिथल्या प्रेक्षकांनी निवड समितीचे प्रमुख दुलीपसिंहजी यांना घेराव घातला. ‘मुश्ताक नाही तर कसोटी नाही’ ही त्यांची घोषणा. अखेर मुश्ताक खेळले. इंदूरच्या एका फलंदाजासाठी कलकत्ता रस्त्यावर आले, यावरून त्यांच्या बेधडक, पुढे सरसावून मारण्याच्या शैलीने देशभर किती जीव लावला होता हे कळते. ही मालिका भारताने मद्रासचा सामना जिंकून १–० अशी खिशात घातली.

याच हंगामात मुंबईची पंचरंगी स्पर्धा शेवटची खेळली गेली. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर अशा धर्मवार संघांची ही स्पर्धा लोकप्रिय होती, आणि त्या वर्षांच्या राजकारणात ती घातकही वाटू लागली होती. तिच्यात नायडू हिंदूंकडून आणि मुश्ताक अली मुस्लिमांकडून समोरासमोर उभे राहिलेले होते. होळकर संघात दोघे एकाच तंबूत बसत, एकाच्या शब्दावर दुसरा चाले. मुश्ताक अलींनी नायडूंना आयुष्यभर गुरू मानले. होळकर संघाबद्दल बोलताना धावांच्या राशींइतकेच महत्त्व या गोष्टीला द्यायला हवे.

मार्च १९४६ मध्ये इंदूरला म्हैसूरशी उपांत्य सामना झाला. हा सामना प्रामुख्याने चंदू सरवटे यांचा, जरी सगळ्यांना तो धावांच्या डोंगरासाठी आठवतो. म्हैसूरचा पहिला डाव १९० धावांत आटोपला. सरवट्यांनी ६१ धावांत ९ गडी बाद केले. मग होळकरची फलंदाजी सुरू झाली. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, कर्नल नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. एका डावात सहा शतके प्रथमश्रेणी क्रिकेटने त्याआधी पाहिली नव्हती. ८ बाद ९१२ वर डाव घोषित झाला. रणजी स्पर्धेतील ही सर्वोच्च धावसंख्या पुढे जवळपास अर्धशतक टिकली. १९९४ च्या जानेवारीत हैदराबादने आंध्रविरुद्ध ६ बाद ९४४ केल्या तेव्हा ती मागे पडली.

या सहा नावांत मुश्ताक अली नाहीत. संघातला सर्वांत प्रसिद्ध फलंदाज शतकाविना राहिला आणि तरी ९१२ झाल्या, यातच त्या फळीची खोली दिसते. सहांपैकी भांडारकर, सरवटे, जगदाळे आणि निंबाळकर हे चौघे मराठी, आणि या चौघांत कसोटी खेळायला मिळाले ते फक्त सरवट्यांना. बाकी तिघांच्या वाट्याला ते का आले नाही, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या धावांत तरी सापडत नाही.

म्हैसूरच्या बी. के. गरुडाचार यांचे नावही इथे घेतले पाहिजे. त्यांनी त्या डावात ६९ षटके टाकून ३०१ धावांत ४ बळी घेतले. इतका मार खाल्ल्यावरही दुसऱ्या डावात त्यांनी शतक ठोकले आणि म्हैसूरने पाचशेचा पल्ला ओलांडला. हरणाऱ्या बाजूचा असा झुंजार खेळ सहसा विजेत्यांच्या इतिहासात बुडून जातो.

अंतिम सामना बडोद्याशी, इंदूरलाच. दोन मराठी संस्थानांचे संघ करंडकासाठी भिडत होते आणि बडोद्याकडे विजय हजारे होते. होळकरने ३४२ आणि २७३, बडोद्याने १९८ आणि ३६१ धावा केल्या. ४१८ चे लक्ष्य घेऊन उतरलेले बडोदे बरेच जवळ आले आणि होळकर ५६ धावांनी जिंकले. या सामन्यात कर्नल नायडूंनी २०० धावा केल्या. वय पन्नास वर्षे. त्यांच्या संपूर्ण प्रथमश्रेणी कारकिर्दीतील ही सर्वोच्च खेळी. तारुण्यात अकरा षटकार मारणाऱ्या माणसाने आपली सर्वांत मोठी धावसंख्या पन्नाशीत, संघाच्या सर्वांत गरजेच्या सामन्यात उभी करावी, याला क्रिकेटच्या इतिहासात तोड शोधणे कठीण आहे.

त्यानंतर लगेच भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्यात मुश्ताक अली, सी. एस. नायडू आणि सरवटे असे होळकरचे तिघे होते. मे महिन्यात ओव्हलवर सरेविरुद्ध भारताचे ९ गडी २०५ धावांत बाद झाले आणि सरवट्यांच्या जोडीला अकराव्या क्रमांकावर बिहारचे शुटे बॅनर्जी आले. डाव संपल्यात जमा होता. दोघांनी २४९ धावांची भागीदारी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याचा हा प्रकार प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये दुसऱ्यांदा घडलेला नाही. भारताची धावसंख्या ४५४ झाली. सरेच्या पहिल्या डावात सी. एस. नायडूंनी त्रिक्रम साधला आणि भारताने सामना ९ गडी राखून जिंकला. इंदूरमध्ये वरच्या फळीत शतक करणारे सरवटे तिथे तळाला आले होते, हे पाहिले म्हणजे त्या खेळीचे आश्चर्य थोडे कमी होते, कौतुक मात्र वाढते. पेशाने वकील आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ असलेले सरवटे भारतासाठी नऊ कसोटी खेळले आणि पुढे राष्ट्रीय निवड समितीवरही होते.

बडोद्याने परतफेड लवकर केली. मार्च १९४७ च्या अंतिम सामन्यात हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या आणि होळकर एक डाव ४०९ धावांनी हरले. तरीही १९४४–४५ ते १९५४–५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला. १९४७–४८ मध्ये त्याने मुंबईला, १९५०–५१ मध्ये गुजरातला आणि १९५२–५३ मध्ये बंगालला हरवून करंडक नेला. पहिला धरून चार विजेतेपदे. संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले, संघाचे नाव त्यानंतरही काही वर्षे टिकले. होळकर संघाची परंपरा पुढे मध्यभारत आणि मग मध्य प्रदेशाच्या संघात गेली.

सहा शतकवीरांपैकी दोघे डिसेंबर १९४८ मध्ये पुन्हा एकत्र दिसले, यावेळी पुण्यात आणि महाराष्ट्राकडून. काठेवाडविरुद्ध निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला. प्रथमश्रेणीत चारशे धावा करणारे निंबाळकर एकमेव भारतीय आहेत. २००२ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना जीवनगौरव दिला. तो पुरस्कार कर्नल नायडूंच्याच नावाचा आहे. निंबाळकर डिसेंबर २०१२ मध्ये कोल्हापुरात वारले.

कर्नल नायडूंनी १९५६–५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून शेवटचा रणजी सामना खेळला. १९५६ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी ते इंदूरमध्ये निवर्तले. इंदूरच्या आंतरराष्ट्रीय मैदानाला आज होळकर स्टेडियम म्हणतात. होळकर संघाच्या १९५२–५३ च्या विजयानंतर या प्रदेशात रणजी करंडक पुन्हा आला तो जून २०२२ मध्ये : चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने बंगळुरूला अंतिम सामन्यात मुंबईचा सहा गडी राखून पराभव केला.